आधी निव्वळ खर्च, मग कर्ज: ‘कॉलेज फायनान्सिंग प्लॅन’चे परीक्षण

अमेरिकेत कॉलेजला जाऊ इच्छिणाऱ्या मुलांच्या घरी दर वर्षी मार्च-एप्रिलच्या सुमारास प्रवेशाच्या पत्रापाठोपाठ आर्थिक साहाय्याचा प्रस्ताव येतो. संकेतस्थळावर छापलेली फी आणि एखाद्या कुटुंबाला प्रत्यक्षात भरावी लागणारी रक्कम यांत येथे फार मोठी तफावत असते. खासगी कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शुल्कावर मिळणारी सरासरी सवलत आज निम्म्याहून अधिक आहे, आणि ती प्रत्येकाला वेगवेगळी मिळते. त्यामुळे प्रस्ताव हाती येईपर्यंत कोणते कॉलेज परवडेल हे सांगता येत नाही, आणि तो हाती आल्यावर बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत होकार कळवावा लागतो. घर घेण्याखालोखाल मोठ्या असलेल्या या खर्चाचा निर्णय कुटुंबे काही आठवड्यांत घेतात, आणि तोही बहुतेकदा कॉलेजच्या पोर्टलवरील एका पडद्याकडे पाहून.

मी न्यू जर्सीत राहतो आणि गेली काही वर्षे आमच्या मराठी मंडळातील कुटुंबांबरोबर बसून हे प्रस्ताव वाचत आलो आहे. त्या अनुभवावरून येथे ज्या साधनाचे परीक्षण करायचे आहे ते म्हणजे अमेरिकेच्या शिक्षण विभागाने तयार केलेला ‘कॉलेज फायनान्सिंग प्लॅन’ हा प्रमाणित आराखडा. माझे मत आधीच सांगतो. आज उपलब्ध असलेल्या साऱ्या नमुन्यांत हा सर्वांत प्रामाणिक आहे, त्यात गंभीर उणिवा आहेत, आणि त्याची सर्वांत मोठी उणीव अशी की तो वापरायचा की नाही हे बहुतांशी कॉलेजच्या मर्जीवर सोडलेले आहे.

या आराखड्याचा जन्म २०१२ मधला. ओबामा प्रशासनाच्या काळात शिक्षण विभाग आणि ग्राहक आर्थिक संरक्षण विभाग यांनी मिळून तो ‘फायनान्शियल एड शॉपिंग शीट’ या नावाने आणला. पुढे २०१९ मध्ये त्यात बदल जाहीर झाले आणि २०२०-२१ च्या शैक्षणिक वर्षापासून तो सध्याच्या नावाने वापरात आला. रचना अगदी साधी आहे. सुरुवातीला वर्षभराचा अंदाजे एकूण खर्च: शिक्षण शुल्क, राहणे-जेवण, पुस्तके, प्रवास आणि इतर शैक्षणिक खर्च, प्रत्येक बाब वेगळ्या ओळीत. त्यानंतर परत करावी न लागणारी मदत, म्हणजे अनुदाने आणि शिष्यवृत्त्या. या दोहोंच्या वजाबाकीतून येणारा आकडा म्हणजे निव्वळ खर्च. तो ठळकपणे दाखवून झाल्यावरच कर्जांचा आणि विद्यार्थ्याच्या नोकरीचा विभाग येतो, आणि त्या विभागाचे शीर्षक हा निव्वळ खर्च भागवण्याचे पर्याय असे असते. सरकारी कर्जांच्या ओळीतच व्याजदर आणि प्रक्रिया शुल्क लिहिण्याची जागा ठेवलेली आहे.

हा क्रम किरकोळ वाटेल, पण सारे मर्म त्या क्रमातच आहे. ते कळण्यासाठी दुसऱ्या प्रकारचा पडदा कसा असतो ते पाहावे लागेल.

मागच्या एका हंगामात मंडळातील एका कुटुंबाने मला त्यांच्या मुलीच्या कॉलेजचे पोर्टल उघडून दाखवले. कॉलेजचे नाव येथे सांगत नाही, कारण असे पोर्टल असलेले ते एकटे नाही. पडद्यावर सर्वांत वर हिरव्या चौकटीत मोठ्या अक्षरांत ‘एकूण साहाय्य: ६२,४०० डॉलर’ असे होते. तिच्या शेजारी ‘एकूण खर्च: ६२,४०० डॉलर’ आणि त्याखाली ‘उर्वरित रक्कम: ० डॉलर’. मुलीच्या आईने अत्यंत आनंदाने विचारले, “म्हणजे दादा, आम्हाला काहीच भरायचं नाही ना?” चौकटीवर टिचकी मारल्यावर तपशील उलगडला. कॉलेजचे अनुदान २४,००० डॉलर होते. विद्यार्थिनीच्या नावावरचे सरकारी कर्ज ५,५०० डॉलर, वर्क-स्टडीचे, म्हणजे शिकताना करायच्या नोकरीचे, २,५०० डॉलर आणि शेवटच्या ओळीत, आईवडिलांच्या नावावरचे ‘पेरेंट प्लस’ कर्ज ३०,४०० डॉलर. या चारही ओळी एकाच अक्षरात, एकाच रंगात, एकाखाली एक होत्या आणि त्यांची बेरीज ‘साहाय्य’ म्हणून केलेली होती. प्रत्येक ओळीपुढे ‘स्वीकारा’ असे बटण होते, आणि सर्वांत खाली ‘सर्व स्वीकारा’ असे एक मोठे बटण.

या प्रस्तावात खोटे असे एकही अक्षर नव्हते. तरीही त्या कुटुंबाचा निव्वळ खर्च ३८,४०० डॉलर होता आणि तो आकडा पडद्यावर कुठेही नव्हता. पेरेंट प्लस कर्जाची रक्कम कुणी मागितलेली नव्हती. एकूण खर्चातून बाकी सारे वजा करून जे उरले ते प्रणालीने त्या ओळीत भरले होते, म्हणूनच शेवटी नेमके शून्य आले. आणि ते शून्यही खरे नव्हते. या कर्जावर ४.२२८ टक्के प्रक्रिया शुल्क रक्कम हाती येण्याआधीच कापले जाते, म्हणजे ३०,४०० डॉलरवर सुमारे १,२८५ डॉलर कॉलेजपर्यंत पोचतच नाहीत. वर्क-स्टडीचे पैसेही बिलातून वजा होत नसतात; विद्यार्थिनीने वर्षभर तासांच्या हिशेबाने काम केले तर ते पगार म्हणून तिच्या हाती पडतात, तेही काम मिळाले तर. २०२५-२६ या वर्षासाठी पेरेंट प्लसचा व्याजदर ८.९४ टक्के आहे. अशीच रक्कम चार वर्षे घेतली तर व्याज न धरताही आईवडिलांच्या डोक्यावर १,२१,६०० डॉलरचे कर्ज उभे राहते. त्या घरात वडिलांचे वय पन्नाशी ओलांडलेले होते. हे सारे समजावून सांगितल्यावर आईचा चेहरा ज्या तऱ्हेने बदलला तो पाहणे मला फार जड गेले.

पोर्टल असे का वागते? कॉलेजांच्या आर्थिक साहाय्य कार्यालयांत प्रत्येक निधीला एक सांकेतिक क्रमांक आणि एक आखूड नाव दिलेले असते. ते नाव मुळात कार्यालयातील कर्मचाऱ्यांसाठी ठेवलेले असते, पण प्रस्ताव आपोआप तयार होतो तेव्हा तेच विद्यार्थ्याच्या पडद्यावर येते. त्यामुळे ‘सबसिडाइज्ड’ (शिकत असतानाचे व्याज सरकार भरते ते कर्ज) आणि ‘अनसबसिडाइज्ड’ (ते व्याजही विद्यार्थ्यावरच पडते ते कर्ज) या शब्दांचे तुकडे, आद्याक्षरे, क्रमांक असे काहीतरी वाचायला मिळते, आणि त्यात कर्ज हा शब्द असेलच असे नाही. न्यू अमेरिका आणि यूॲस्पायर या संस्थांनी २०१८ मध्ये प्रस्तावपत्रांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात अनसबसिडाइज्ड कर्ज या एकाच कर्जासाठी कॉलेजांनी १३६ वेगवेगळी नावे वापरल्याचे आढळले आणि त्यांपैकी २४ नावांत ‘लोन’ हा शब्दच नव्हता. तपासलेल्या पत्रांपैकी एक तृतीयांशाहून अधिक पत्रांत खर्चाचा आकडाच नव्हता. पुढे २०२२ च्या अखेरीस अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने, म्हणजे गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने, आपला अहवाल दिला. त्यातील अंदाजानुसार ९१ टक्के कॉलेजे निव्वळ खर्च एकतर सांगत नाहीत किंवा प्रत्यक्षापेक्षा कमी सांगतात: ४१ टक्के तो देतच नाहीत आणि ५० टक्के तो कमी करून दाखवतात. चांगल्या प्रस्तावाचे जे दहा निकष त्या अहवालात मांडले होते, ते दहाच्या दहा पाळणारे एकही कॉलेज त्यांच्या नमुन्यात सापडले नाही.

एवढ्या मोठ्या प्रमाणावर एकच गोष्ट घडते तेव्हा ती काही वाईट माणसांमुळे घडते असे मानणे मला पटत नाही. आर्थिक साहाय्य कार्यालयांत काम करणारी जी माणसे मला भेटली आहेत ती बहुतांशी मुलांविषयी कळकळ असणारी आहेत. मात्र त्यांच्या हाती आलेल्या प्रणालीत वजाबाकीचे सूत्र कुणीतरी एकदा ठरवून ठेवलेले असते आणि पुढे वर्षानुवर्षे तेच चालू राहते. ‘उर्वरित रक्कम’ काढताना कर्ज वजा करायचे की नाही, हा प्रश्न संगणकाच्या दृष्टीने एका खुणेचा आहे. कुटुंबाच्या दृष्टीने तो सत्य सांगण्याचा आहे. २००७ मध्ये न्यूयॉर्कचे तत्कालीन ॲटर्नी जनरल अँड्र्यू कुओमो यांनी विद्यार्थी कर्ज देणाऱ्या कंपन्या आणि साहाय्य अधिकारी यांच्यातील लागेबांधे उघडकीस आणले, तेव्हा त्या व्यवसायाच्या नीतिमत्तेची चर्चा अधिकाऱ्यांना मिळणाऱ्या लाभांविषयी होती, आणि २००८ च्या उच्च शिक्षण कायद्यात कॉलेजांना त्यासाठी आचारसंहिता करणे बंधनकारक झाले. आज तीच चर्चा पोर्टलवरील सूत्रे, निधींची नावे आणि बटणे यांच्याविषयी तितक्याच गांभीर्याने व्हायला हवी असे मला मनापासून वाटते, कारण आता कुटुंबाशी पहिले बोलणे माणूस करत नाही, पडदा करतो.

आता वरचाच प्रस्ताव कॉलेज फायनान्सिंग प्लॅनच्या आराखड्यात घालून पाहा. खर्च ६२,४००, अनुदान २४,०००, आणि लगेच खाली निव्वळ खर्च ३८,४०० डॉलर. त्याच्या खालच्या विभागात ५,५०० चे कर्ज आणि २,५०० चे वर्क-स्टडी, हे पैसे भागवण्याचे मार्ग म्हणून. मी त्या मुलीच्या आईला कागदावर हाताने हाच तक्ता काढून दिला होता आणि शेजारी दुसऱ्या, सरकारी विद्यापीठाचा तक्ता काढला होता. पोर्टलवर त्या विद्यापीठाची ‘उर्वरित रक्कम’ ११,००० डॉलरच्या आसपास दिसत होती, कारण त्यांनी पेरेंट प्लसची ओळ भरलेली नव्हती. निव्वळ खर्च मात्र पहिल्या कॉलेजच्या निम्म्यापेक्षा थोडाच वर होता. दोन पोर्टले शेजारी ठेवली तर महाग कॉलेज फुकट वाटत होते आणि स्वस्त विद्यापीठ महाग. आराखड्यात ठेवताच क्रम उलटा झाला. तुलना करता येणे हा या साधनाचा खरा गुण आहे, आणि तो सगळ्या कॉलेजांनी एकच मांडणी वापरली तरच उपयोगी पडतो.

उणिवांविषयीही तेवढ्याच स्पष्टपणे बोलायला हवे.

पहिली आणि सर्वांत मोठी उणीव सक्ती नसण्याची. लष्करी सेवेतील आणि निवृत्त सैनिक विद्यार्थ्यांसाठी २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी काढलेल्या आदेशातील तत्त्वे ज्या कॉलेजांनी मान्य केली आहेत त्यांना त्या विद्यार्थ्यांना हा आराखडा द्यावा लागतो. बाकीच्यांसाठी तो ऐच्छिक आहे. अनेक कॉलेजे तो देतात, पण पोर्टलच्या कोपऱ्यातील एखाद्या दुव्याआड. समोर येतो तो त्यांचा स्वतःचा हिरव्या चौकटीचा पडदा. शिकलेली, नोकरीत दिवसभर तक्ते हाताळणारी माणसेही तो दुवा उघडत नाहीत, कारण त्यांना समोरच्या पडद्यातच उत्तर मिळालेले असते. लेखापरीक्षण संस्थेने प्रस्तावांचे स्वरूप कायद्याने ठरवण्याचा विचार संसदेने करावा असे सुचवले होते. त्या दिशेने विधेयकेही वारंवार मांडली गेली, आयोवाचे सिनेटर चक ग्रासली हे त्यांच्या पुरस्कर्त्यांपैकी एक.

दुसरी उणीव काळाची. आराखडा एका वर्षाचा आहे, पदवी चार वर्षांची. पहिल्या वर्षी मिळालेले अनुदान दुसऱ्या वर्षी तेवढेच राहील का, त्यासाठी किती गुण टिकवावे लागतील, फी वाढली तर अनुदान वाढेल का, यांसाठी ठरावीक रकाने नाहीत. कॉलेजने आपल्या माहितीच्या मोकळ्या चौकटीत लिहिले तर लिहिले. शिष्यवृत्तीसाठी ४ पैकी ३.५ गुणांची सरासरी टिकवण्याची अट असते आणि ती पोर्टलवर तिसऱ्या पायरीवर सापडते, असे मी पाहिले आहे. ज्या मुलाने अभियांत्रिकी घेतली आहे त्याच्यासाठी ही अट म्हणजे अनुदानाचाच एक भाग होय, आणि ती रकमेच्या शेजारीच छापली गेली पाहिजे.

तिसरी गोष्ट आराखड्याच्या आवाक्याबाहेरची आहे, पण प्रामाणिक प्रस्तावाविषयी बोलताना तिला टाळता येत नाही. अनुदानाचा आकडा आला कुठून? अनेक कॉलेजे त्यासाठी सल्लागार कंपन्यांची संगणकीय प्रारूपे (मॉडेल) वापरतात. अमुक विद्यार्थ्याला इतके हजार दिले तर तो येण्याची शक्यता किती, थोडे कमी दिले तर किती, याचा अंदाज मागील वर्षांच्या माहितीवरून बांधला जातो आणि त्यानुसार कॉलेजचा स्वतःचा निधी वाटला जातो. ब्रुकिंग्ज संस्थेने सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लेखात या प्रारूपांमुळे विद्यार्थ्यांवरील कर्ज आणि शिक्षण अर्धवट सोडण्याचे प्रमाण वाढण्याचा धोका मांडला होता. मला स्वतःला यातील सर्वांत अन्यायकारक भाग असा वाटतो की ज्या मुलाने एखाद्या कॉलेजविषयी मनापासून ओढ दाखवली तो कमी पैशांतही येईल असा निष्कर्ष प्रारूपाला काढता येतो. गरज किती आहे यावर मदत ठरते अशी कुटुंबांची समजूत असते. मदत देताना कॉलेजने गरज पाहिली की येण्याची शक्यता, हे एका वाक्यात सांगितले तर कोणाचेही नुकसान होणार नाही.

प्रस्ताव स्पष्ट असण्याइतकेच तो वेळेवर मिळणे महत्त्वाचे असते, आणि तेही सॉफ्टवेअरच्याच हाती आहे याचा धडा २०२४ मध्ये सगळ्यांना मिळाला. सरकारी साहाय्यासाठीचा ‘फाफ्सा’ हा अर्ज एरवी १ ऑक्टोबरला उघडतो. नवा, सोपा केलेला अर्ज २०२४-२५ साठी ३० डिसेंबर २०२३ रोजी, तोही सुरुवातीला थोड्या थोड्या वेळापुरता उघडला. आधीच्या शंभराहून अधिक प्रश्नांऐवजी जास्तीत जास्त ३६ प्रश्न, करखात्याकडून उत्पन्नाची माहिती थेट आणण्याची सोय, असे त्याचे उद्दिष्ट खरोखर चांगले होते. पण महागाईनुसार करायचे समायोजन सूत्रात घातलेच गेले नव्हते, आणि ती चूक सुधारल्याने विद्यार्थ्यांना मिळणारी मदत १.८ अब्ज डॉलरनी वाढणार होती. ज्यांच्या आईवडिलांकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नव्हता अशा, स्वतः अमेरिकी नागरिक असलेल्या मुलांना कित्येक आठवडे अर्ज पुराच करता आला नाही. कॉलेजांकडे विद्यार्थ्यांच्या नोंदी मार्चच्या मध्यावर पोचू लागल्या. पहिल्या पाच महिन्यांत मदतकेंद्राला आलेल्या ५४ लाख फोनपैकी ४० लाख फोन उचलले गेले नाहीत, असे लेखापरीक्षण संस्थेने नंतर नोंदवले. त्या वर्षी प्रस्ताव एप्रिल-मेमध्ये घाईघाईने निघाले आणि वाचायला वेळ उरला नाही. २०२६-२७ चा अर्ज मात्र सप्टेंबर २०२५ मध्येच उघडला, ही समाधानाची गोष्ट आहे.

प्रवेश-अर्ज करण्याआधीच अंदाज हवा असेल तर कॉलेजांच्या संकेतस्थळांवरील निव्वळ खर्चाचे कॅल्क्युलेटर आहेत. २००८ च्या त्याच कायद्यामुळे ते ऑक्टोबर २०११ पासून बंधनकारक झाले. त्यांचा दर्जा फार असमान आहे. वेल्झली कॉलेजचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक फिलिप लेव्हीन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेले ‘मायइनट्यूशन’ हे साधन मला सर्वांत आवडले: मोजकेच प्रश्न विचारते आणि उत्तर एका आकड्यात न देता कमीतकमी, जास्तीतजास्त आणि संभाव्य अशा टप्प्यात देते. आता अनेक खासगी कॉलेजांनी ते स्वीकारले आहे, तरी प्रत्येक कॉलेजसाठी ते उपलब्ध नाही.

मराठी कुटुंबांना या व्यवस्थेत काही खास अडचणी येतात. ग्रीन कार्ड अजून न मिळालेल्या, एच-४ व्हिसावर (एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर) येथेच लहानाची मोठी झालेल्या मुलांना सरकारी साहाय्य मिळत नाही. त्यांनी कॅल्क्युलेटरमध्ये माहिती भरली तर येणारा आकडा बहुधा त्यांना लागू नसतो, आणि हे सांगणारी ओळ पडद्यावर बारीक अक्षरांत असते. भारतातून थेट पदवीसाठी येणाऱ्या मुलांचेही तेच. ज्यांना फाफ्सा लागू होतो त्यांच्यापुढे दुसरा प्रश्न उभा राहतो: पुण्याचा किंवा ठाण्याचा फ्लॅट. आपण राहतो ते घर फाफ्सा मोजत नाही, पण त्याखेरीजची स्थावर मालमत्ता गुंतवणूक म्हणून मोजते, मग ती कोणत्याही देशात असो. कॉलेज बोर्डाचा ‘सीएसएस प्रोफाइल’ हा वेगळा अर्ज मागणारी खासगी कॉलेजे तर राहत्या घराविषयीही विचारतात. आजीआजोबा राहतात त्या घरावर मुलाच्या वडिलांचे नाव असेल तर काय लिहायचे, हे सांगणारी मदत पडद्यावर मिळत नाही. साहाय्य कार्यालयाला लेखी विचारणे हाच खात्रीचा मार्ग, आणि अशा पत्रांना सविस्तर उत्तरे येतात असा माझा अनुभव आहे.

सक्ती नसतानाही काही हालचाल झाली आहे हे नोंदवायला हवे. २०२२ मध्ये अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन आणि इतर उच्च शिक्षण संघटनांनी ‘कॉलेज कॉस्ट ट्रान्स्परन्सी इनिशिएटिव्ह’ सुरू केला आणि आज शेकडो कॉलेजे त्यात सामील आहेत. त्यात एकच नमुना सर्वांना वापरायला लावलेला नाही. खर्चाचा अंदाज, निव्वळ खर्च, अनुदान आणि कर्ज यांची स्पष्ट विभागणी, साध्या शब्दांतील नावे अशा किमान अटी घातलेल्या आहेत. हे पाऊल मला स्वागतार्ह वाटते, पण दहा कॉलेजांचे दहा पडदे वाचणाऱ्या आईवडिलांच्या दृष्टीने मांडणीही एकच असणे आवश्यक आहे आणि तिथे जुना सरकारी आराखडाच सरस ठरतो.

नजीकच्या काळात एक बदल पोर्टलांना सुधारायला भाग पाडेल अशी माझी अपेक्षा आहे. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यानुसार १ जुलै २०२६ पासून पेरेंट प्लस कर्जावर दर विद्यार्थ्यामागे वर्षाला २०,००० डॉलर आणि एकूण ६५,००० डॉलर अशी मर्यादा येत आहे. आधीच कर्ज घेतलेल्या कुटुंबांना काही काळ जुने नियम लागू राहतील. आजवर एकूण खर्चापर्यंतची कोणतीही रक्कम त्या ओळीत बसवता येत असे, म्हणून ‘उर्वरित रक्कम’ शून्यावर आणणे शक्य होते. वर दिलेल्या उदाहरणात आता १०,४०० डॉलर उघडे पडतील. ती जागा कॉलेजांनी खासगी बँकांच्या कर्जाच्या दुव्याने भरली तर परिस्थिती आजच्यापेक्षा वाईट होईल, कारण त्या कर्जांना सरकारी कर्जांची संरक्षणे नसतात. येत्या हंगामात पोर्टल उघडणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने या एका ओळीकडे बारकाईने पाहावे.

आणि कॉलेजने कॉलेज फायनान्सिंग प्लॅन दिला नसेल तर तो मागावा. सैनिक विद्यार्थ्यांसाठी अनेक कॉलेजांना तो तयार करावाच लागत असल्याने त्यांच्या प्रणालीत ती सोय असते. साहाय्य कार्यालयाला विद्यार्थ्याच्या नावाने एक लहानशी ईमेल पाठवावी, तीत २०२६-२७ साठीचा आराखडा मिळावा अशी विनंती करावी, आणि अनुदान चारही वर्षे मिळणार का व कोणत्या अटींवर, हेही त्याच पत्रात विचारावे. उत्तर येईपर्यंत ‘सर्व स्वीकारा’ हे बटण दाबू नये. अनुदान स्वीकारून कर्जाच्या ओळी तशाच ठेवता येतात आणि कर्जाची रक्कम नंतर कमी करूनही घेता येते.